मनगटी संवेदक आणि आरोग्यसेवकांचा ताण : खानदेशच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

हान्स सेली यांनी 1936 मध्ये शरीराच्या ताणप्रतिक्रियेचे वर्णन केल्यानंतर ताण ही संकल्पना वैद्यकशास्त्र, मानसशास्त्र, समाजशास्त्र अशा विविध ज्ञानशाखांत रुजली. अलीकडे तिच्या मापनासाठी मनगटावर बांधावयाच्या संवेदकांचा वापर होऊ लागला आहे. 2022 मध्ये 'सायंटिफिक डेटा' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेला परिचारिकांविषयीचा माहितीसंच हे त्याचे लक्षणीय उदाहरण होय. जळगाव व धुळे या जिल्ह्यांतील आरोग्यसेवेच्या संदर्भात या पद्धतीची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

अभ्यासाचे स्वरूप

अमेरिकेत कोविडकाळात झालेल्या या अभ्यासात 15 परिचारिकांनी कामाच्या पाळीत 'एम्पॅटिका ई4' हे उपकरण वापरले. त्वचेची विद्युत्‌वाहकता, हृदयगती, त्वचेचे तापमान आणि हालचाल यांची सुमारे 1,250 तासांची नोंद झाली. संगणकीय प्रारूपाला ताण आढळला की त्या प्रसंगाविषयी परिचारिकेस भ्रमणध्वनीवर प्रश्नावली दिली जात असे. रुग्णाची गंभीर अवस्था, नातेवाईक, साहित्याचा अभाव, वाढलेला कार्यभार यांपैकी कारण कोणते, हे ती स्वतः सांगत असे. यंत्राच्या नोंदीस माणसाच्या साक्षीची जोड दिली, हे या अभ्यासाचे खरे सामर्थ्य होय.

मापनाच्या मर्यादा

त्वचेची विद्युत्‌वाहकता घामग्रंथींच्या कार्यावर अवलंबून असते. भीतीने घाम येतो, तसाच उष्णतेनेही येतो. मे महिन्यात जळगावचा पारा 45 अंशांच्या आसपास जाणे नवे नाही. अशा हवेत पंख्याखालील वॉर्डात वावरणाऱ्या परिचारिकेचा घाम आणि वातानुकूलित रुग्णालयातील परिचारिकेचा घाम एकाच निकषावर जोखता येणार नाही. चोपडा, यावल किंवा शिरपूर तालुक्यातील सातपुड्याच्या पाड्यांवर चालत जाणाऱ्या आशा सेविकेची हृदयगती चढणीमुळे वाढते. तिला ताण समजणे चुकीचे ठरेल. उलट, थकलेल्या मानधनाची चिंता महिनोन्‌महिने टिकते. काही मिनिटांचे चढउतार टिपणाऱ्या संवेदकात तिचे प्रतिबिंब पडेलच असे नाही. शिवाय उपरोक्त अभ्यासात गर्भवती व दीर्घकालीन आजार असलेल्या परिचारिकांना वगळले होते. प्रत्यक्षात अशा स्त्रियाही पाळीवर असतात आणि त्यांचा ताण अधिक महत्त्वाचा असतो.

ताणाचे मूळ

मार्च 2017 मध्ये धुळे येथील शासकीय रुग्णालयात रुग्णाच्या नातेवाइकांनी एका निवासी डॉक्टरास मारहाण केली. त्याच्या डोळ्यास गंभीर इजा झाली. मेंदूशल्यविशारद उपलब्ध नसल्याने रुग्णास अन्यत्र हलविण्याचा सल्ला दिला, हे त्यामागील निमित्त होते. त्यानंतर राज्यभरातील निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले. आरोग्यसेवकांवरील हिंसाचाराविरुद्धचा राज्याचा कायदा 2010 पासून अस्तित्वात होता. येथे ताणाचे कारण कोणत्याही उपकरणाविना उघड होते: रिक्त जागा व अपुरी सुरक्षा. संवेदक ताण व्यक्तीच्या शरीरात दाखवितो. परंतु त्याचे मूळ पुष्कळदा व्यवस्थेत असते. हा भेद न पाळल्यास मनुष्यबळ वाढविण्याऐवजी परिचारिकांसाठी प्राणायामाचे शिबिर भरविणे हाच उपाय ठरण्याचा धोका आहे.

माहितीची मालकी

2023 च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्याचे 7 वे कलम नोकरीविषयक प्रयोजनांसाठी संमतीविना माहितीच्या वापरास काही प्रमाणात वाव देते. कंत्राटी परिचारिकेच्या बाबतीत ही गोष्ट विशेष चिंतेची ठरते. ताणाची नोंद उद्या 'कामास असमर्थ' या शेऱ्याचा आधार होणार नाही, याची हमी तिला कोण देणार?

समारोप

सारांश, मनगटी संवेदक ताणाची वेळ सुचवितो, कारण सांगत नाही. जळगाव किंवा धुळे येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात असा अभ्यास हाती घेतल्यास वॉर्डाचे तापमान, पाळीतील रुग्णसंख्या व रिक्त पदे यांची नोंद संवेदकाच्या नोंदीसोबतच व्हावी. प्रश्नावली मराठीत व अहिराणीत असावी. आणि व्यक्तिगत आकडे केवळ त्या व्यक्तीच्याच हाती राहावेत. प्रशासनाकडे जावा तो वॉर्डाचा एकत्रित अहवाल. कारण उत्तरदायित्व परिचारिकेच्या नाडीचे नव्हे, तर वॉर्ड चालविणाऱ्या व्यवस्थेचे आहे.