रमाबाईंची अमेरिका आणि ‘तुम्ही मूळचे कोण?’

पंडिता रमाबाईंचं ‘युनायटेड स्टेट्‌सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ हे १८८९चं पुस्तक बहुतेक जण कौतुकाने वाचतात. त्या काळात एक मराठी बाई बोटीने अमेरिकेत जाते, गावोगाव व्याख्यानं देते, म्हटल्यावर कौतुक होणारच. मी मात्र ते एका प्रश्नासाठी वाचलं. १८८३मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतलेल्या रमाबाई १८८६मध्ये जिथे पोचल्या, तिथे गुलामगिरी जाऊन जेमतेम वीस वर्षं झाली होती. आपल्याच धर्माच्या लोकांनी केलेला अन्याय त्यांना दिसला का?

दिसला. मूळ रहिवाशांच्या जमिनी कशा गेल्या ते त्या लपवत नाहीत. गुलामगिरी गेली तरी वर्णद्वेष उरलाय, हेही सांगतात. पण त्यांचा जीव रमतो तो गुलामगिरीविरुद्ध लढलेल्यांत आणि स्त्रियांच्या संघटनांत. बायबल हातात घेऊन गुलामगिरीला पाठिंबा देणारेही चर्चमध्येच बसत होते. १८४५मध्ये बाप्टिस्ट मंडळी याच वादावर फुटली. पुस्तकात पहिल्या बाजूवर जितका उजेड पडतो, तितका दुसऱ्या बाजूवर पडत नाही.

फ्रान्सिस विलर्डचं उदाहरण बघा. दारूबंदीसाठी झटणाऱ्या ख्रिस्ती स्त्रियांच्या संघटनेची ही पुढारी. रमाबाई तिच्यामुळे भारावून गेल्या होत्या. याच विलर्डने १८९०मध्ये एका मुलाखतीत दक्षिणेतल्या काळ्या लोकांची तुलना टोळधाडीशी केली, आणि पुढे आयडा बी. वेल्सने तिला जाहीरपणे जाब विचारला. १८८९च्या पुस्तकाला १८९०ची मुलाखत दाखवून नापास करणं बरोबर नाही, मान्य. तरी ज्या संघटनेकडून आपण इतकं शिकायचं, तिच्या सभेत काळ्या बाईला कुठली खुर्ची मिळते, हे विचारायला १८८८मध्येही हरकत नव्हती.

मला जास्त खुपते ती दुसरी गोष्ट. हॅरिएट टबमनला भेटल्यावर रमाबाईंनी लेकीला, मनोरमाला, पत्र लिहिलं. हॅरिएट जशी आपल्या लोकांच्या उपयोगी पडली, तशी तू आपल्या देशभगिनींच्या उपयोगी पड, असा त्याचा सूर आहे. पत्र सुंदरच आहे. पण त्याच्या कितीतरी आधी, १८७३मध्ये, जोतीरावांनी ‘गुलामगिरी’ची अर्पणपत्रिका लिहिताना काळ्या गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकनांकडे बघून शूद्रातिशूद्रांच्या सुटकेची आशा धरली होती. जोतीराव अमेरिकेला कधी गेले नव्हते. रमाबाई तिथे राहून आल्या, आणि त्यांना गुलामाच्या जागी हिंदू विधवा दिसली. ती दिसायलाच हवी होती. पण महारवाड्यातली बाई त्या चित्रात नव्हती. परत येऊन त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं, तिथेही उच्चजातीय विधवांना सोवळंओवळं पाळायची मुभा होती. तशी मुभा नसती तर मुली आल्याच नसत्या, हे समजतं. तरी खटकतं.

खटकण्याचं कारण माझ्या फोनमध्ये आहे. सध्या घरचे माझ्यासाठी स्थळं बघतायत, सगळी ख्रिस्ती. पगार, चर्च, शिक्षण झालं की प्रश्न येतो, ‘तुम्ही मूळचे कोण?’ आडनावावरून अंदाज लागला नाही, तर गाव विचारतात. आमचं अहमदनगरकडचं. पणजोबा कोणत्या वस्तीतले ते मी सांगतो, आणि ‘घरात बोलून कळवतो’ म्हणून फोन संपतो. १९५०च्या आदेशानुसार ख्रिस्ती झालेला दलित अनुसूचित जातीत धरला जात नाही, म्हणजे सरकारदरबारी माझी ती जात नाहीच. स्थळांच्या वहीत आहे. यातल्याच एका घरातल्या मुलीने २०२०मध्ये जॉर्ज फ्लॉइडसाठी इन्स्टाग्रामवर काळा चौकोन टाकला होता, तो अजून तिथे आहे.

पत्ता नया नगर सांगितला की आणखी एक प्रश्न. ‘त्यांच्यात कसे राहता?’ जानेवारी २०२४मध्ये इथे हाणामारी झाली आणि दोन दिवसांत महापालिकेचा बुलडोझर दुकानांवर फिरला. त्यानंतरच्या रविवारी मी जातो त्या चर्चमध्ये जगाच्या शांतीसाठी प्रार्थना झाली. मीरा रोडचं नावही निघालं नाही. खालच्या मजल्यावरच्या चाचींनी मात्र त्या आठवड्यात दोनदा दार वाजवून विचारलं, दूध-पाव आहे ना?

म्हणून हे पुस्तक बाजूला टाका असं मी म्हणणार नाही. परक्या देशाकडे डोळे उघडे ठेवून बघणारं इतकं मोकळं मराठी गद्य त्या काळात फार नाही. फक्त त्यावरून रमाबाईंचा अंतिम हिशेब करू नये. १८९६-९७च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुलींना घेऊन आल्या. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये मग ब्राह्मण विधवांपुरतं काही उरलं नाही, नाना जातींच्या पोरी आल्या. अमेरिकेत न सुचलेला प्रश्न तिथे रोज जेवणाच्या पंगतीत समोर बसत असणार. मला केडगावची ‘लोकस्थिती’ वाचायची आहे, त्याच मराठीत, तितक्याच बारकाईने लिहिलेली.