भूमिकाखेळातील राजा : प्रेषकाचे दौर्बल्य

व्लादिमीर प्रॉपने १९२८ मध्ये रशियन परीकथांची जी रूपमीमांसा मांडली, तिच्यातील सात कार्यक्षेत्रांपैकी एक प्रेषकाचे आहे. नायकाला घराबाहेर काढून संकटाकडे धाडणे एवढेच त्याचे काम, आणि हे काम बहुधा राजाकडे येते. राजकन्या पळवली गेल्यावर राजा स्वतः का निघत नाही, सेनापतीला का पाठवत नाही, असे परीकथेचा श्रोता विचारीत नाही. कथेच्या व्याकरणातच त्या प्रश्नाला जागा नसते.

१९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ प्रसिद्ध केले. त्यानंतर रूढ झालेल्या, मेजाभोवती बसून खेळावयाच्या भूमिकाखेळांत ही जागा निर्माण झाली. येथे श्रोता हाच नायक असतो. खेळाचा सूत्रधार राजाच्या मुखाने संकट सांगतो आणि समोरचा खेळाडू त्याच क्षणी विचारू शकतो : महाराज, आपले सैन्य कोठे आहे? प्रॉपच्या योजनेतील निव्वळ कार्य येथे जाब देण्यास बांधलेली व्यक्ती बनते. खेळाडूंच्या हौशी चर्चेतला म्हणून हा प्रश्न बाजूला सारणे योग्य होणार नाही. राजा जे उत्तर देतो त्यावर त्या कल्पित जगातील राज्यसंस्थेचे स्वरूप ठरत असते.

सर्वांत प्रचलित उत्तर सामर्थ्याचे आहे : सैन्य पुरे पडणार नाही. या उत्तराचे मूळ खेळाच्या गणितात सापडते. या खेळाची पूर्वपीठिका असलेल्या ‘चेनमेल’ (१९७१) या युद्धखेळाच्या अद्भुत विभागात ‘हीरो’ हा चार सैनिकांच्या आणि ‘सुपरहीरो’ आठ सैनिकांच्या बरोबरीने लढतो. हे प्रमाण माफक होते. आठ सैनिक कोणताही राजा उभे करू शकतो. पुढे पातळ्यांची शिडी उंचावत गेली, तसतशी वरच्या पायरीवरील वीरापुढे साध्या शिपायांची तुकडी नगण्य ठरू लागली. शक्ती संस्थेत न साठता व्यक्तीत साठू लागली. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीने हल्ल्याचे व बचावाचे आकडे पुन्हा आवळले. आता पुरेसे धनुर्धर जमले तर ड्रॅगनही घायाळ होतो, आणि राजाचे सैन्यबळाचे निमित्त लंगडे पडते. तसे ते पूर्वीही फारसे सुदृढ नव्हते. १९७८ च्या ‘प्लेअर्स हँडबुक’नुसार नवव्या पातळीवर पोचलेला योद्धा स्वतःची गढी बांधून मुलूख राखू शकतो. म्हणजे सिंहासनावर बसलेला मनुष्य हा कालचाच वीर असण्याचा संभव आहे. मग तो तलवार का उपसत नाही?

या प्रश्नाचे गंभीर उत्तर या खेळांच्या कितीतरी आधीचे आहे, आणि ते ‘बेओवुल्फ’ या प्राचीन इंग्रजी महाकाव्यात मिळते. काव्याच्या पूर्वार्धात वृद्ध राजा ह्रोथगार बारा वर्षे ग्रेंडेलचा उपद्रव सोसतो आणि परक्या देशातून आलेला तरुण त्याचे काम करतो. उत्तरार्धात तोच तरुण पन्नास वर्षे राज्य केलेला राजा असतो. ड्रॅगन जागा होतो तेव्हा तो स्वतःच त्याच्यावर चालून जातो, ड्रॅगनचा अंत होतो आणि त्याचाही. काव्य संपते ते त्याच्या प्रजेवर कोसळू पाहणाऱ्या शत्रूंच्या भयात. हे दोन प्रसंग समोरासमोर ठेवले की ह्रोथगारच्या बसून राहण्याला केवळ भ्याडपणा म्हणता येत नाही. राजाचा देह हा राज्याची हमी असतो. तो पणाला लागला की सीमेपलीकडचे हालू लागतात.

‘एबेरॉन’ (२००४) या कीथ बेकरनिर्मित खेळविश्वाने हे जाणून रचना केलेली दिसते. शंभर वर्षांचे युद्ध नुकतेच एका तहाने संपले आहे, एक संपूर्ण देश अज्ञात कारणाने उजाड झाला आहे आणि प्रत्येक राजा शेजाऱ्याच्या हालचालींवर डोळा ठेवून आहे. अशा स्थितीत पलटण हलवणे म्हणजे तह मोडण्यासारखेच. चार अनामिक माणसे धाडणे मात्र शक्य असते, कारण वेळ आली तर त्यांची ओळख नाकारता येते. याच विश्वात जायेला दारन ही बालवयीन धर्मप्रमुख आहे. तिची दैवी शक्ती अफाट, पण ती फ्लेमकीप या नगरापुरतीच. वेशीबाहेर पडताच ती ओसरते. सत्ता ही आसनाला जखडलेली असते, हे इतक्या सहजपणे सांगणारी दुसरी प्रतिमा मला या वाङ्मयात आढळली नाही.

याउलट गायगॅक्सच्या ‘स्टेडिंग ऑफ द हिल जायंट चीफ’ (१९७८) या मोहिमेत समजावण्याचा खटाटोपच नाही. राक्षसांच्या धाडींनी त्रस्त झालेले सत्ताधीश निवडक वीर गोळा करतात आणि त्यांना बजावतात : मिळेल ती लूट तुमची, हात हलवीत परत आलात तर मान कुऱ्हाडीखाली. खजिन्याला या शौर्याची तोशीस फारशी पडत नाही, अपयशाची जबाबदारी मात्र पूर्णतः दुसऱ्यांवर राहते. मराठी वाचकाला येथे पेंढाऱ्यांचे स्मरण व्हावे, ज्यांना मराठी फौजांबरोबर हिंडताना वेतन नव्हते, लूट हेच वेतन होते. कुऱ्हाडीच्या या उल्लेखाला अनेक जण जुन्या काळचा ओबडधोबडपणा मानतात. मला तो प्रामाणिक वाटतो. राजाला मूर्ख किंवा अनभिज्ञ ठरवून सुटका करून घेणाऱ्या असंख्य मोहिमांपेक्षा येथे सत्तेचा हिशेब उघडा आहे, आणि खेळाडूला त्याविरुद्ध उभे राहण्याची जागाही आहे.

तरीही राजाचे समर्थन झालेच पाहिजे, हे गृहीतक मला तपासून पाहावेसे वाटते. परीकथा न विचारणारा प्रश्न महाभारताने आदिपर्वातील बकवधात विचारलेला आहे. एकचक्रेचा ब्राह्मण कुंतीपुढे आपले दुःख मांडताना राजाला दोष देतो : तो वेत्रकीयगृहात राहतो, नीतीने वागत नाही, प्रजेचे रक्षण करीत नाही. रक्षण करतो तो बकच. परचक्राचे भय त्याच्यामुळे नाही, आणि त्याबद्दलचा कर म्हणून तो गाडाभर अन्न, दोन रेडे व एक माणूस घेतो. राजाचे कर्तव्य आणि राजाचा कर दोन्ही राक्षसाकडे गेले आहेत. येथे राजा प्रेषकही उरत नाही, भीमाला धाडते ती कुंती. कथाकार राजासाठी एकही सबब शोधत नाही, आणि म्हणूनच त्याच्यावरचा आरोप शेवटपर्यंत कायम राहतो. भूमिकाखेळाच्या रचनाकारांनी घ्यावे असे येथे पुष्कळ आहे. बक मेल्यावर नगरात आनंद होतो, पण आता परचक्रापासून एकचक्रेला कोण राखणार, याची चौकशी महाभारत करीत नाही. खेळाच्या मेजावर पुढील बैठकीला बहुधा तोच प्रश्न पहिला निघेल, आणि त्या वेळी राजाला वेत्रकीयगृहातून बोलावून आणावे लागेल.