आमचें आकाशदर्शन-वाङ्मय

आकाशदर्शनावरील पुस्तकाची कसोटी आमच्या मतें एकच आहे. तें वाचतां वाचतां मध्येंच मिटून गच्चीवर जावेंसें वाचकास वाटलें पाहिजे. या कसोटीस मराठींतील अशीं पुस्तकें फार थोडीं उतरतात. सूर्याचें अंतर किती, शनीचे चंद्र किती, प्रकाशवर्ष म्हणजे काय, हें सर्व त्यांत यथास्थित असतें. आणि तें पाठ केलेला वाचक दारांत उभा राहून समोरचा तारा स्वाती कीं अभिजित हें सांगूं शकत नाहीं.

या प्रांतांत पहिलें नांव घ्यावयाचें तें शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचें. भारतीय ज्योतिषाचा इतिहास सांगणारा त्यांचा महाग्रंथ १८९६ सालीं निघाला व त्यानें त्यांची कीर्ति सर्वत्र झाली. पण त्या कीर्तीच्या छायेंत त्यांचें आधींचें लहान पुस्तक 'ज्योतिर्विलास' झांकलें गेलें. याचें वाईट सोलापूरकरांस तरी विशेष वाटावें, कारण १८८२ ते १८८९ हीं वर्षें दीक्षित याच जिल्ह्यांत, बार्शीच्या इंग्रजी शाळेंत, शिक्षक होते. पुस्तकाला त्यांनीं दुसरें नांव दिलें तें 'रात्रीची दोन घटका मौज'. पुष्कळ लांबलचक प्रस्तावनांहून हें नांव आम्हांस अधिक बोलकें वाटतें. घटका म्हणजे चोवीस मिनिटें. उजेडांतून अंधारांत आलेल्या डोळ्यांस मंद तारे दिसूं लागण्यास जवळजवळ तेवढाच अवधि लागतो. म्हणजे पहिली घटका डोळ्यांची आणि दुसरी मौजेची. शिवाय दोन घटकांत सारें आकाश बारा अंश फिरतें, हात लांब करून धरलेल्या मुठीहून थोडें अधिकच. शेजाऱ्याच्या छपराआड असलेला तारा तेवढ्यांत बसल्या जागीं वर येतो. दीक्षितांनीं हा हिशेब करून नांव ठेवलें असें आम्ही म्हणत नाहीं. पण एवढा गाढा ज्योतिर्विद् जेव्हां 'मौज' हा शब्द निवडतो, तेव्हां त्याला वाचकाची परीक्षा घ्यावयाची नसून त्याची सोबत हवी आहे, एवढें खास.

पुढच्या लेखकांनीं ही सोबत सोडली. इंग्रजी पुस्तकें समोर ठेवून मराठी पुस्तकें लिहिलीं जाऊं लागलीं. आम्ही स्वतः इंग्रजीवरच पोसलेले; तेव्हां त्या ग्रंथांशीं आमचें वैर असण्याचें कारण नाहीं. परंतु आकाश अक्षांशागणिक बदलतें. लंडन साडेएकावन्न अंशांवर, सोलापूर साडेसतरांच्या किंचित् वर. तेथें सप्तर्षि कधींच मावळत नाहींत. येथें दिवाळीच्या संध्याकाळीं ते शोधून सांपडावयाचे नाहींत. तेथें ध्रुव आकाशाच्या अर्ध्याहून वर. येथें तो उत्तर क्षितिजापासून दोन मुठींच्या आंत. उलट अगस्त्य, जो तेजांत व्याधाच्या खालोखाल, तो लंडनकरास घरीं बसून जन्मांत दिसत नाहीं. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यांत रात्रीं दहाच्या सुमारास आमच्या दक्षिणेस त्रिशंकु उभा असतो व त्याच्या डावीकडे मित्र आणि मित्रक वर येत असतात. हें वैभव सोडून आमच्या लेखकांनीं सप्तर्षींस मानाचें पान द्यावें आणि अगस्त्यास एका ओळींत वाटेस लावावें, हा क्रम आमच्या अंगणांतला नव्हे.

मृगाचीही अशीच उपेक्षा. ७ जूनच्या सुमारास मृग लागतो हें न जाणणारा शेतकरी या बाजूस सांपडणार नाहीं. पण मृग लागतो म्हणजे सूर्य त्या नक्षत्रांत शिरतो; अर्थात् त्या दिवसांत मृगाच्या चांदण्या सूर्याच्या तेजांत बुडालेल्या असतात. त्या डोळां पाहावयाच्या तर हिवाळ्यांत, हुरड्याच्या दिवसांत. एकच नक्षत्र पेरणीला नुसतें नांवानें येतें आणि ज्वारी निसवल्यावर रूपानें येतें. हा दुवा एखाद्या लेखकानें दोन पानें खर्चून जोडला तर खेड्यांतला वाचकही त्याचा होईल.

ग्रहणाचें प्रकरणही तेंच. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाची छाया याच जिल्ह्यांतील जेऊर स्टेशनावरून गेली. पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्रोफेसर कावसजी दादाभाई नायगमवाला तेथें यंत्रें घेऊन उतरले. अमेरिकेंतील लिक वेधशाळेच्या कॅम्पबेल यांनीं तेथेंच चाळीस फूट लांबीचा कॅमेरा उभारला. सारा खटाटोप सुमारें दोन मिनिटांच्या काळोखाकरितां! त्याच वर्षीं दीक्षित वारले. ग्रहणावर मराठींत लिहिणारानें पहिलें वाक्य जेऊरवर लिहिलें तर तें अभिमानाचें होईल आणि खरेंही.

जयंत नारळीकरांच्या 'आकाशाशी जडले नाते' या ग्रंथानें हें शास्त्र मराठींत प्रौढपणें सांगतां येतें हें दाखवून दिलें आहे. तेथें आमची तक्रार नाहीं. तक्रार आहे ती वृत्तपत्री आकाशवार्तांविषयीं. डिसेंबरच्या मध्यावर मिथुनांतून होणाऱ्या उल्कावर्षावाची बातमी 'ताशीं १२० उल्का' असें सांगून मोकळी होते. हा आंकडा निर्भेळ काळोखाचा आणि उगमबिंदु थेट माथ्यावर असतांनाचा आहे, हें मात्र छापीत नाहींत. होटगी रस्त्याच्या दिव्यांखालीं तासाभरांत पांचसहा उल्का पाहिलेला मनुष्य फसविल्यासारखा घरीं जातो व पुन्हां मान वर करीत नाहीं. २१ डिसेंबर २०२० रोजीं गुरु व शनि अंशाच्या दहाव्या भागाइतके जवळ आले. १६२३ नंतर ते इतके जवळ आले नव्हते. लोकांस मात्र 'एकच मोठा तारा' दिसेल अशी आशा लावण्यांत आली. वस्तुतः बऱ्या डोळ्यांस ते दोन वेगळे दिसत होते आणि खरी गंमत त्यांतच होती.

पाहणारांची वाण नाहीं. पुण्यास ज्योतिर्विद्या परिसंस्था हौशी मंडळींनीं १९४४ सालींच स्थापिली. वाण आहे ती त्यांच्या हातीं द्यावयाच्या लहानशा पुस्तकाची: आमच्याच अक्षांशाचे बारा नकाशे, प्रत्येक महिन्यास दोन घटकांचा मजकूर, अधिक कांहीं नको. प्रारंभ जानेवारीपासून करावा. सिद्धेश्वराच्या गड्ड्यांत शोभेचें दारूकाम पाहावयास हजारों माणसें माना वर करून उभीं असतात. रात्रीं साडेआठाच्या पुढें, दक्षिण-आग्नेयेस, व्याधाच्या उजवीकडे खालीं, अगस्त्य वर चढत असतो. अकराच्या सुमारास तो बरोबर दक्षिणेस, वीस अंशांवर येतो. दारूकामाचा धूर विरेपर्यंत जो थांबेल त्याला तो दिसेल.