‘मालक’ या शब्दाची व्याप्ती

जागतिक पुरवठा-साखळीतील कामगारांच्या हक्कांविषयी अलीकडे जे लेखन होते, त्यात ‘दक्षता’ हा शब्द मोठ्या मानाने वावरतो. फ्रान्सचा 2017 चा कायदा याच नावाने ओळखला जातो; जर्मनीत 2023 मध्ये अमलात आलेल्या कायद्याच्या नावातही सावधगिरीचे कर्तव्य सांगणारे पद आहे. शब्द चांगला आहे; परंतु तो गुण सांगतो, देणेकरी सांगत नाही, हे ध्यानात घ्यावयास हवे.

वसईच्या पूर्वेस वालीव, सातिवली, गोखिवरे या भागांत लहान कारखान्यांचे गाळे दाटीने उभे आहेत. अशा गाळ्यात निर्यातीच्या पिशव्या शिवणारा कारागीर ज्याला ‘शेठ’ म्हणतो, तो पुष्कळदा स्वतःच दुसऱ्याच्या जॉबवर्कवर जगणारा असतो. मजुरी थकली की शेठ वरच्याकडे बोट दाखवितो. जर्मन कायद्याच्या परिभाषेत हा गाळा बहुधा ‘अप्रत्यक्ष पुरवठादार’ ठरेल. तेथे खरेदीदाराचे कर्तव्य सामान्यतः उल्लंघनाची ठोस माहिती हाती आल्यावरच जागे होते. आणि कर्तव्यभंग झाला तरी त्या कायद्याने नुकसानभरपाईचा नवा दावा निर्माण होत नाही. तक्रारीची सोय आहे खरी. पण खरेदीदाराची ओळख ज्याला पिशवीवरील लेबलापलीकडे नाही, त्याने ती कोणत्या भाषेत, कोणाकडे करावी?

याउलट महाराष्ट्राचा 1969 चा माथाडी अधिनियम पाहावा. ‘माथाडी’ आणि ‘हमाल’ हे बाजारातले शब्द त्याच्या नावातच आले आहेत. नाव खडबडीत आहे, आणि ते तसेच राहिले हे बरे झाले. त्याहून मोलाची आहे ती ‘मालक’ या शब्दाची व्याख्या. कामगार ठेकेदारामार्फत लावला असल्यास मालक म्हणजे ठेकेदार नव्हे, तर प्रमुख मालक, असे ती सांगते. मजुरी व तीवरील लेव्ही त्याने मंडळाकडे भरावयाची आणि मंडळाने ती मजुरी कामगारास द्यावयाची, अशी योजना आहे. येथे सद्गुणाची अपेक्षा नाही; पैसे कोणी भरावयाचे एवढेच ठरविले आहे. अंमलबजावणीत कसूर होते, हा निराळा प्रश्न.

मात्र ही व्याख्याही ठेकेदाराच्या मागे एकच पाऊल जाते, आणि तेही अनुसूचीत नोंदलेल्या कामांपुरतेच. गाळ्यातील पिशव्यांचे गठ्ठे टेम्पोत चढविणारा हमाल त्या अनुसूचीत बसू शकतो. त्याच पिशव्या शिवणारा कारागीर बसत नाही.