अक्षराचे वळण : एका जुन्या प्रमाणग्रंथाचे परीक्षण

हस्ताक्षराच्या वादात वकिलाच्या मेजावर हमखास दिसणारा ग्रंथ म्हणजे आल्बर्ट ऑस्बॉर्न या अमेरिकन लेखकाचा ‘क्वेश्चन्ड डॉक्युमेंट्स’. तो १९१० साली निघाला, आणि १९२९ साली त्याची वाढविलेली आवृत्ती आली. ग्रंथकर्ता मूळचा सुलेखनाचा शिक्षक. पुढे १९३५ साली लिंडबर्ग-बालकाच्या अपहरणाच्या गाजलेल्या खटल्यात खंडणीच्या पत्रांविषयी त्याने साक्ष दिली. इतक्या जुन्या पुस्तकाचे परीक्षण आज कशासाठी, असे कोणी विचारील. हात लिहितो कसा याचे प्रयोगसिद्ध शास्त्र ऑस्बॉर्ननंतर उभे राहिले, आणि त्याच्या कसोटीवर हा ग्रंथ काही ठिकाणी आश्चर्यकारक रीतीने उतरतो, तर एका ठिकाणी साफ उणा पडतो. हे उणेपण ज्याच्या घरादाराचा निकाल एका सहीवर लागायचा आहे, त्याला परवडणारे नाही.

प्रथम गुण सांगतो. मराठीत आपण ‘अक्षराचे वळण’ म्हणतो, आकार म्हणत नाही. भाषेने सहज ओळखलेली ही गोष्ट ऑस्बॉर्नने प्रकरणामागून प्रकरणे लिहून पटविली आहे. त्याच्या मते अक्षर ही गती आहे, आणि कागदावरची शाई हा त्या गतीचा केवळ माग होय. म्हणूनच बनावट सही लिहिली जात नाही, ती चितारली जाते. नकलाकाराची नजर नमुन्यावर आणि हात कागदावर, त्यामुळे रेघ मंदावते, मध्येच थबकते, नको तेथे लेखणी उचलली जाते. वार्धक्याचा कंप आणि लबाडीचा कंप यांत त्याने केलेला भेद तर प्रत्येक न्यायाधीशाने वाचावा असा आहे. जराजर्जर हात कापतो, पण त्याला कोठे जायचे ते ठाऊक असते. नकलाकाराचा हात सशक्त असतो. त्याला वाट ठाऊक नसते.

हे सारे त्याने भिंगातून पाहून सांगितले. १९८० च्या दशकाच्या आरंभी नेदरलँड्समध्ये या अभ्यासाला ‘ग्रॅफोनॉमिक्स’ असे नाव मिळाले. (अक्षरावरून स्वभाव सांगणारी ग्रॅफॉलॉजी ही निराळी, तिला शास्त्र म्हणणे म्हणजे शब्दाचा अपव्यय.) विद्युत्-पाटीवर लिहिताना लेखणीचे स्थान आणि दाब सेकंदाला शंभराहून अधिक वेळा टिपले जातात, लेखणी कागदावरून किंचित उचललेली असतानाही. त्यावरून दिसले की सरावलेल्या हाताच्या एका फटकाऱ्यात वेग एकदाच चढतो नि उतरतो, तर चितारणाऱ्या हातात तो पुनःपुन्हा हिंदकळतो. वक्रता वाढली की वेग घटतो, आणि हे नाते १९८३ साली लाक्वानीती, तेर्त्सुओलो व विव्हियानी यांनी गणिती सूत्रात मांडले. मोठे अक्षर काढायला लहानाच्या प्रमाणात जादा वेळ लागत नाही. फळ्यावर खांद्याने लिहिले वा कागदावर बोटांनी लिहिले, तरी वळण बहुतांशी तेच राहते. म्हणजे ते केवळ बोटांत नसून मेंदूत घडलेले असते. कंपवाताच्या रोग्याचे अक्षर लहान लहान होत जाते, ही गोष्ट तर मृत्युपत्राच्या दाव्यात ध्यानात ठेवलीच पाहिजे. अशा रोग्याची शेवटची सही दहा वर्षांपूर्वीच्या सहीशी जुळत नाही म्हणून तिला बनावट ठरविणे हा अन्याय होईल.

आता दोष. शेकडो पृष्ठांच्या या ग्रंथात ‘परीक्षक किती वेळा चुकतो?’ या प्रश्नाला आकड्यांत उत्तर नाही. अनाडी तज्ज्ञांवर ऑस्बॉर्न कोरडे ओढतो, परंतु कुशल तज्ज्ञाचे प्रमाद मोजण्याची त्याला गरज भासलेली दिसत नाही. हा ग्रंथ निघण्यापूर्वी अवघी चार वर्षे फ्रान्समध्ये ड्रायफस निर्दोष ठरला होता. १८९४ च्या खटल्यात बेर्तियाँ या पोलीस-पंडिताने अक्षरातील साम्यही ड्रायफसच्या विरुद्ध धरले आणि फरकही. फरक का, तर म्हणे आरोपीने स्वतःच स्वतःच्या अक्षराची नक्कल केली! १९०४ साली प्वाँकारे, दार्बू व आपेल या गणितज्ञांनी त्या उपपत्तीचा फोलपणा दाखविला. जी पद्धत कोणत्याही उत्तराने खोटी पडत नाही, ती पुरावा म्हणून कवडीमोलाची होय.

असा एक आकडा २०२२ साली मिळाला. अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका परीक्षेत ८६ व्यवसायी परीक्षकांनी ७१९६ निष्कर्ष दिले. निरनिराळ्या व्यक्तींची अक्षरे एकाचीच ठरविण्याची चूक ३.१ टक्के प्रसंगी झाली. ती अक्षरे जुळ्या भावंडांची असता हेच प्रमाण ८.७ टक्क्यांवर गेले. माझ्या मते हे आकडे तज्ज्ञाला खाली पाहायला लावणारे नाहीत. पण साक्षीच्या पिंजऱ्यात ‘निःसंशय’ हा शब्द उच्चारण्याचा अधिकार ते काढून घेतात.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने मुरारीलाल खटल्यात (ए. आय. आर. १९८०, पृ. ५३१) समतोल भूमिका घेतली. दुजोऱ्यावाचून तज्ज्ञाचे मत कधीच मानू नये असा नियम नाही. तथापि हे शास्त्र बोटांच्या ठशांइतके परिपूर्ण नसल्याने मतामागील कारणे तपासून घ्यावीत. १८७२ च्या पुरावा कायद्यातील ४५ व्या व ५१ व्या कलमांची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ३९ व्या व ४५ व्या कलमांनी घेतली आहे. कारणे पाहण्याची मुभा कायम आहे. उलटतपासणीत मात्र वकील बहुधा ‘अमुक अक्षराची शेपटी जुळते का?’ एवढेच विचारतात. रेघ कोणत्या वेगाने ओढली, लेखणी कोठे उचलली, हे क्वचित विचारले जाते. ऑस्बॉर्न हाती असून त्याचा गाभाच वाचलेला नसतो.

आणखी एक उणीव, जी ग्रंथकर्त्याची म्हणून धरता येणार नाही. त्याची उदाहरणे रोमन लिपीची. आपल्या घराण्यांच्या नि देवस्थानांच्या दप्तरांतील जुने कागद मोडीत आहेत, बोरूने लिहिलेले. मोडीत शिरोरेषा आधीच कागदभर ओढून घेतात आणि मग अक्षरे तिला लटकवितात. हात शक्यतो न उचलता फिरत राहतो. रोमन लिपीत शब्दामध्ये लेखणी उचलली की ऑस्बॉर्नचा वाचक कान टवकारतो. मोडीत अशी उचल स्वाभाविक कोठे आणि संशयास्पद कोठे, याचे कोष्टक त्याच्याकडून उसने आणता येत नाही. ते मोडी कागदांवरूनच बनवावे लागेल. त्यासाठी मूळ कागद हवा. छायाप्रतीत शाईची दाट-विरळ छटा व बोरूचा दाब दिसेनासा होतो, आणि तशा प्रतीवरून दिलेल्या मताला ऑस्बॉर्ननेही आधार दिला नसता.