नोटिशीतले ‘आपण’

विज्ञानकथा म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर अंतराळयान येते, यंत्रमानव येतो, परग्रहावरचा पाहुणा येतो. डॉ. जयंत नारळीकर, बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे यांनी ही वाट आपल्याकडे रुळवली. २०२१ साली नाशिकच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद नारळीकरांकडे गेले, तेव्हा या वाङ्मयप्रकाराचा उंबरठ्याबाहेरचा मुक्कामही संपला. परंतु विज्ञानकथेची आणखी एक शाखा आहे. तिच्यात यान क्वचितच उडते. तिच्यात कचेरी असते, अर्ज असतो, भिंतीवरची सूचना असते आणि रांग असते. इंग्रजीत तिला ‘डिस्टोपिया’ म्हणतात. आम्ही येथे तिला दुःस्वप्नकथा म्हणू.

या कथांविषयी बोलण्याची एक ठरीव रीत झाली आहे. कुठे नवा कॅमेरा बसला, कुठे नवे ओळखपत्र निघाले, की ‘ऑर्वेलचे भाकीत खरे ठरले’ असा मथळा पडतो. जून २०१३ मध्ये एडवर्ड स्नोडेनने अमेरिकी सरकारची पाळत उघडकीस आणली तेव्हा ऑर्वेलच्या ‘१९८४’चा खप एकाएकी वाढला. जानेवारी २०१७ मध्ये वॉशिंग्टनच्या सत्तावर्तुळातून ‘पर्यायी तथ्ये’ हा शब्दप्रयोग आला, तेव्हा पुन्हा तेच घडले. आम्हाला हे वाचन अपुरे वाटते. यंत्रांच्या बाबतीत हे लेखक कधी बरोबर ठरले, कधी चुकले. त्यांची खरी पकड दुसऱ्या ठिकाणी आहे. राज्यसंस्था ‘आपण’ हा शब्द कोणासाठी वापरते आणि एके दिवशी त्यातून कोणाला गुपचूप वगळते, हा या कादंबऱ्यांचा विषय आहे. तो ध्यानात ठेवून वाचले की या कादंबऱ्या परक्या मुलखाच्या राहत नाहीत.

सुरुवात येवगेनी झाम्यातिन या रशियन लेखकापासून केली पाहिजे. हा पेशाने जहाजबांधणीचा अभियंता. पहिल्या महायुद्धाच्या काळात बर्फ फोडणाऱ्या रशियन जहाजांच्या बांधणीवर देखरेख करण्यासाठी तो इंग्लंडमध्ये राहिला होता. १९२०-२१ च्या सुमारास त्याने जी कादंबरी लिहिली तिचे इंग्रजी भाषांतर १९२४ मध्ये न्यूयॉर्कला निघाले. त्याच्या स्वतःच्या देशात ती १९८८ मध्ये छापली गेली. तोवर लेखकाला पॅरिसमध्ये मरून अर्धशतक उलटले होते. या कादंबरीतल्या ‘एकराज्या’त माणसांना नावे नाहीत, क्रमांक आहेत. घरे काचेची आहेत. पडदा ओढायचा तर चिठ्ठी लागते. दरवर्षी ‘एकमताचा दिवस’ साजरा होतो आणि सर्वांनी हात वर करून त्याच एका ‘उपकारकर्त्या’ला निवडायचे असते. एका वर्षी हजारो हात विरोधात वर जातात. दुसऱ्या दिवशी सरकारी वर्तमानपत्र सांगते की या हातांची गणती करण्यात अर्थ नाही. गाण्याच्या मैफलीत एखादा आजारी श्रोता खोकला, तर तो खोकला काय गाण्याचा भाग मानायचा? हुकूमशाहीचे इतके शांत, इतके सभ्य वर्णन दुसरीकडे विरळाच सापडेल. विरोधकाला येथे शिवी दिलेली नाही. त्याला फक्त आवाज मानलेले नाही.

या कादंबरीचे इंग्रजी नाव ‘वुई’. ते मराठीत आणायला बसले की अडचण उभी राहते. इंग्रजीत एकच शब्द, रशियनमध्ये एकच, आपल्या उर्दूतही एकच ‘हम’. मराठीत मात्र दोन आहेत. ‘आम्ही’ म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो. ‘आपण’ म्हटले की तो आत येतो. मोहल्ल्यातली पोरेसुद्धा हा भेद व्याकरण न शिकता पाळतात. ‘आम्ही जेवायला चाललो’ आणि ‘आपण जेवायला जाऊ’ यांत दस्तरखानावरच्या एका ताटाचा फरक आहे. आणि ‘आपण’चा आणखी एक अर्थ आहे. तो आदराचा आहे आणि कचेरीचाही. ‘आपणांस या नोटिशीद्वारे कळविण्यात येते की...’ या वाक्यातले ‘आपण’ म्हणजे तुम्ही. एकटे तुम्ही. सभेतल्या भाषणात ‘आपण सारे’ म्हणून ज्याला कवेत घेतले, त्यालाच घरी आलेल्या लखोट्यात त्याच शब्दाने वेगळे काढता येते. दुःस्वप्नकथेचा सगळा प्रवास आम्हाला या एका सर्वनामाच्या दोन टोकांमध्ये दिसतो.

जॉर्ज ऑर्वेलकडे या नजरेने पाहावे. त्याचा जन्म २५ जून १९०३ रोजी बिहारमधल्या मोतिहारीचा. १९२२ ते १९२७ या काळात तो ब्रह्मदेशात इंग्रजांच्या पोलीस खात्यात अधिकारी होता. म्हणजे पाळत ठेवणारे राज्य त्याने आधी आतून, गणवेश घालून पाहिले. १९४९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘१९८४’ मधला ‘थोरला भाऊ’ आणि भिंतीवरचा पडदा सर्वांना ठाऊक आहे. आम्हाला मात्र साइम हे लहानसे पात्र अधिक महत्त्वाचे वाटते. साइम सरकारी शब्दकोश तयार करतो. त्याचे काम शब्द वाढवण्याचे नाही, कमी करण्याचे आहे. ज्या गोष्टीला शब्दच उरणार नाही ती मनात तरी कशी येईल, या विचाराने तो हरखून गेलेला आहे. तो पक्षाशी पूर्ण इमानदार आहे. आणि एके दिवशी तो कामावर येत नाही. बुद्धिबळ मंडळाच्या सभासदांची यादी फलकावर लागलेली असते. यादी जवळजवळ पूर्वीसारखीच दिसते. तिच्यात काही खोडलेले नाही. फक्त एक नाव कमी आहे.

ऑर्वेलने जिथे नोकरी केली त्याच देशात पुढे काय झाले, हे या पानाशेजारी ठेवून वाचण्यासारखे आहे. १९८२ च्या नागरिकत्व कायद्याने म्यानमारमधल्या बहुसंख्य रोहिंग्यांना नागरिकत्वाबाहेर ठेवले. सरकारमान्य १३५ वांशिक गटांच्या यादीत त्यांचे नाव नाही. सरकारी भाषेत त्यांना ‘बंगाली’ म्हटले गेले, म्हणजे दुसरीकडून आलेले. मे २०१६ मध्ये तिथल्या परराष्ट्र खात्याने अमेरिकी वकिलातीला ‘रोहिंग्या’ हा शब्द वापरू नये अशी सूचना केली. शांततेचे नोबेल पारितोषिक मिळालेल्या आँग सान सू ची तेव्हा त्या खात्याच्या मंत्री होत्या. ऑगस्ट २०१७ पासून काही महिन्यांत सात लाखांहून अधिक माणसे सीमा ओलांडून बांगलादेशात गेली. आधी कायदा आला, मग यादी, मग शब्दाची मनाई, आणि सर्वांत शेवटी आग. हा क्रम कादंबरीकाराने सांगितला होता. यात यंत्राचा भाग फारच थोडा आहे.

अरबी भाषेत हीच गोष्ट रांगेच्या रूपाने आली. कैरोच्या मनोविकारतज्ज्ञ बस्मा अब्दुल अझीझ यांची ‘अत्-ताबूर’, म्हणजे ‘रांग’, ही कादंबरी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. शहरात एक उठाव फसतो आणि त्यानंतर एक ‘दरवाजा’ सत्तेवर येतो. प्रत्येक कामाला त्याची परवानगी लागते, आणि दरवाजा उघडत नाही. रांग वाढत जाते. माणसे तिच्यात संसार मांडतात, भांडतात, धंदा करतात. याह्या नावाच्या माणसाच्या शरीरात गोळी अडकली आहे. ती काढण्यासाठी डॉक्टर तारिकला परवानगीचा कागद हवा, आणि सरकारी म्हणणे असे की गोळीबार झालेलाच नाही. मग गोळी कशी असेल? या डॉक्टरमुळे कादंबरी मोठी होते. तो वाईट नाही. त्याला गोळी दिसते, ती काढता येते, पण फाइल अपुरी आहे. ऑर्वेलच्या जगात यातना देणारा अधिकारी लागतो. येथे तो लागत नाही. नियम पाळणारा एक भला माणूस पुरतो.

ही कादंबरी भारतीय वाचकाला परकी वाटत नाही, याचे कारण आपल्याकडेही कागदाची रांग आहे. आसाममधील राष्ट्रीय नागरिक नोंदणीची अंतिम यादी ३१ ऑगस्ट २०१९ रोजी प्रसिद्ध झाली. सुमारे ३ कोटी ३० लाख अर्जदारांपैकी १९,०६,६५७ जण तिच्यात नव्हते. त्यांत हिंदू होते आणि मुसलमानही होते. १९४६ च्या विदेशी व्यक्तीविषयक कायद्याने आपण परके नाही हे सिद्ध करण्याचा भार त्या व्यक्तीवरच टाकला होता. एका कागदावर ‘मोहंमद’, दुसऱ्यावर ‘मो.’. लग्नाआधी ‘खातून’, लग्नानंतर ‘बीबी’ किंवा ‘बेगम’. पुरात वाहून गेलेला दाखला. शाळेतल्या गुरुजींनी अंदाजाने लिहिलेली जन्मतारीख. हे तपशील आपल्या वाचकाला समजावून सांगावे लागत नाहीत. शिधापत्रिकेवरचे नाव आणि शाळेच्या दाखल्यावरचे नाव जुळवत फिरणारी माणसे प्रत्येक गावात आहेत. त्यांना दुःस्वप्नकथेत नवे काही आढळणार नाही. आढळेल ती आपली गोष्ट, लिहिली जाण्याच्या लायकीची.

मात्र येथे समीक्षकाने तोल सांभाळला पाहिजे. प्रत्येक ओळखपत्रात आणि प्रत्येक कॅमेऱ्यात ‘थोरला भाऊ’ पाहणे ही आळशी वाचनाची खूण आहे. झाम्यातिनच्या काचेच्या घरांच्या सर्वांत जवळ जाणारे उदाहरण चीनच्या शिनजियांग प्रांतातले आहे. तिथल्या पोलिसांच्या मोबाइल प्रणालीची तपासणी ह्युमन राइट्स वॉच या संस्थेने मे २०१९ मध्ये प्रसिद्ध केली. घराचा पुढचा दरवाजा न वापरणे, शेजाऱ्यांत फारसे न मिसळणे, वीज जास्त जाळणे, मशिदीसाठी उत्साहाने वर्गणी गोळा करणे या गोष्टी त्या प्रणालीत संशयाच्या होत्या. तिथल्या उइघुर आणि इतर मुस्लिम समाजांच्या स्थानबद्धतेबाबत, हे मानवतेविरुद्धचे गुन्हे असू शकतात, असे संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने ३१ ऑगस्ट २०२२ च्या अहवालात नमूद केले. आपल्याकडची स्थिती तशी नाही, हे सांगायला संकोच नको. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. पडदा ओढण्याचा हक्क या देशाच्या राज्यघटनेत आहे, असाच त्याचा अर्थ. पण हक्क कागदावर असणे आणि राबून झिजलेल्या बोटांचा ठसा रेशन दुकानातल्या यंत्राला पटणे, यांत अंतर राहते. दुःस्वप्नकथा वाचायची ती हे अंतर मोजण्यासाठी, भीतीचा नशा करण्यासाठी नाही.

आणखी एक गोष्ट न बोलता पुढे गेलो तर ही समीक्षा अर्धी राहील. २०१५ मध्ये अल्जीरियाचे लेखक बुआलेम सान्साल यांची ‘२०८४’ ही फ्रेंच कादंबरी आली. ऑर्वेलला सलाम करणाऱ्या या कादंबरीत ‘आबिस्तान’ नावाचे धर्मराज्य आहे आणि त्याची स्वतःची आखूड केलेली भाषा आहे. तिच्यातला रोख इस्लामच्या नावाने चालणाऱ्या सत्तेवर आहे हे उघड आहे. अनेक मुस्लिम वाचकांना ती एकांगी वाटेल, आणि तसे म्हणण्याचा त्यांना हक्क आहे. कोट्यवधी माणसांच्या श्रद्धेचे तिने एकच भयचित्र केले, ही वाङ्मयीन उणीवही आहे. परंतु नोव्हेंबर २०२४ मध्ये सान्साल यांना अल्जीरियात अटक झाली, सीमांच्या इतिहासाबद्दल केलेल्या विधानांवरून मार्च २०२५ मध्ये पाच वर्षांची शिक्षा झाली, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी माफी दिली तेव्हा ते सुटले. ज्यांनी ‘१९८४’ वाचून मान डोलावली त्यांनी या वेळी गप्प राहून चालत नाही. लेखकाला उत्तर लेखणीने द्यायचे असते.

‘आपण’मधून माणूस वगळण्याचे काम केवळ सरकारेच करतात असेही नाही. महाराष्ट्राच्या विधिमंडळाला २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा मंजूर करावा लागला, तो २०१७ पासून लागू झाला. जातपंचायत असो वा जमात, ‘वाळीत टाकणे’ हा शब्द आपल्या भाषेत होता म्हणून तर कायद्याची गरज पडली. लग्नाचे आमंत्रण नाही, दुकानात माल नाही, मयताला खांदा नाही. या यंत्रणेला वीजही लागत नाही. ज्या समाजाला यादीतून वगळले जाण्याचे दुःख कळते त्याने स्वतःच्या याद्याही तपासल्या पाहिजेत. नाहीतर ऑर्वेल वाचून आपण फक्त दुसऱ्याचा दोष शिकलो.

मग या काळ्या पुस्तकांत आशेला जागा आहे काय? ‘१९८४’च्या शेवटी एक परिशिष्ट आहे. सरकारने आखूड केलेल्या भाषेचे नियम त्यात दिले आहेत. बहुतेक वाचक ते वगळतात. ते साध्या, पूर्ण इंग्रजीत आहे आणि भूतकाळात लिहिलेले आहे. ती भाषा अशी ‘होती’. म्हणजे ती राजवट गेली, आणि तिच्याबद्दल मोकळेपणाने लिहिणारा कोणीतरी उरला. मार्गारेट ॲटवुड यांनी या भूतकाळाकडे लक्ष वेधले, आणि त्यांच्या १९८५ च्या ‘द हँडमेड्स टेल’चा शेवटही पुढच्या काळातल्या इतिहासकारांच्या टिपणाने होतो. आपल्याकडच्या १९७५ च्या आणीबाणीचे क्रियापदही १९७७ मध्ये बदलले. पण ते आपोआप बदलले नाही. त्याच १९७५ मध्ये कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षस्थानावरून दुर्गा भागवत बोलल्या, तेव्हा शब्द शिल्लक होते म्हणून बोलता आले.

मराठीत लिहिणाऱ्या आपल्या लेखकांपुढचे काम आम्हाला येथे दिसते. ‘थोरला भाऊ’ उसना आणण्याची गरज नाही. आपल्याजवळ खिडकी आहे, टोकन आहे, ‘साहेब उद्या भेटतील’ आहे, तीन कागदांवर तीन तऱ्हेने लिहिलेले एकच नाव आहे. ती गोष्ट कोणी तरी तपशिलाने, न ओरडता लिहावी. यादीतून नाव गळले तर ते होते एवढे तरी त्या पानावरून कळेल.