दोन नावे, एक सही

गोदाकाठी राहणाऱ्यास ढोलाचे माहात्म्य निराळे सांगावयास नको. दूर केरळातील उत्सवांतही ‘नासिक ढोल’ या नावानेच एक वादनप्रकार रूढ झाला आहे. मिरवणुकीत ढोल घुमू लागला की भल्याभल्यांचे पाय थिरकतात. परंतु वादकाची खरी परीक्षा टिपरू किती जोराने पडते यात नसून ते कोठे थांबते यात असते. अजय व अतुल गोगावले या बंधूंचे संगीत याच कसोटीस लावून पाहावे असे आम्हांस वाटते. त्यांच्या लोकप्रियतेविषयी वाद नाही. मात्र लोकप्रियता मान्य केल्याने टीकाकाराचे काम संपत नाही.

‘गीतरामायणा’त शब्द माडगूळकरांचे व चाली फडक्यांच्या, अशी कामाची वाटणी उघड होती. येथे तसे नाही. चालीखाली सही दोघांची असते, आणि अमुक सुरावट कोणाची हे श्रोत्यास कळावयास मार्ग नसतो. अशा जोडीत दोन शक्यता असतात. एकाने सुचविलेल्यात दुसऱ्याने भर घालीत जावे, ही एक. आणि एकाला प्रिय असलेलेही दुसऱ्याने प्रसंगी काढून टाकावे, ही दुसरी. पहिली सोपी, दुसरी कठीण. या बंधूंची वाटचाल पहिलीकडून दुसरीकडे झाली, असे आमचे मत आहे.

2001 च्या ‘विश्वविनायक’ या गणेशस्तुतीच्या ध्वनिमुद्रिकेत बेरीजच बेरीज आहे. संस्कृत स्तोत्रे, एस. पी. बालसुब्रह्मण्यम् व शंकर महादेवन् यांचे समर्थ आवाज, समूहगान आणि भरघोस वाद्यमेळ असे जे जे या तरुणांस प्रिय होते ते सर्व एकाच ताटात वाढलेले दिसते. ऐकणारा दिपून जातो, पण थोडा थकतोही. हा दोष खरा, तथापि तो दारिद्र्याचा नव्हे, समृद्धीचा होता.

2004 मध्ये राजीव पाटील यांच्या ‘सावरखेड एक गाव’ला या जोडीने संगीत दिले, त्याच दिग्दर्शकाचा ‘जोगवा’ 2009 मध्ये आला. मधल्या पाच वर्षांत काय घडले ते येथे ऐकू येते. रूढीने यल्लम्मा देवीला वाहिलेल्या जोगता व जोगतीण यांची ती कथा. ‘लल्लाटी भंडार’मध्ये अजय यांचा आवाज व तालवाद्ये यांना पूर्ण मोकळीक आहे, उलट हरिहरन व श्रेया घोषाल यांच्या ‘जीव रंगला’त वाद्ये मागे सरतात आणि ज्यांना प्रेम करण्याचीच मनाई आहे अशा दोघांच्या कंठांस जागा करून देतात. एकाच चित्रपटात जोर आणि माघार ही दोन्ही आपापल्या ठिकाणी असणे, हीच आम्ही प्रौढता म्हणतो. या संगीतास व दोन्ही गायकांस राष्ट्रीय पारितोषिके मिळाली, ती योग्यच होती.

2016 च्या ‘सैराट’साठी पाश्चात्त्य वाद्यवृंदाचे ध्वनिमुद्रण थेट हॉलिवूडमध्ये झाले, याचे पुष्कळांस कौतुक वाटले. आमचा प्रश्न वेगळा आहे: करमाळ्याच्या परिसरातील पोरापोरींच्या कथेत इतक्या व्हायोलिनांचे प्रयोजन काय? ‘याड लागलं’ ऐकता त्याचे उत्तर मिळते. गावातल्या पोराचे प्रेम जगाला क्षुद्र वाटले तरी त्याच्या स्वतःच्या मनात ते तेवढेच विराट असते, आणि वाद्यवृंद जगाच्या मापाने न वाजता त्याच्या मनाच्या मापाने वाजतो. तरीही जे चित्राने आधीच सांगितले तेच तंतुवाद्यांच्या लाटांनी पुन्हा सांगण्याचा मोह काही ठिकाणी सुटलेला नाही, हे नमूद करणे आम्हांस भाग आहे. एकदा उपयोगी पडलेली युक्ती सवय होऊन बसली, तर या जोडीस तिच्याहून मोठा शत्रू नाही.

परंतु त्याच चित्रपटाचा शेवट आठवावा. रक्ताळलेल्या पावलांनी लहानगे मूल बाहेर येते, रडते, आणि ध्वनीच नाहीसा होतो. या धाडसाचे मुख्य श्रेय अर्थातच दिग्दर्शक नागराज मंजुळे यांचे. तरीही पंधरा वर्षांपूर्वी ज्यांना मुद्रिकेचा एक कोपरा रिकामा सोडवत नव्हता, त्यांच्या संगीताला या चित्रपटातील सर्वांत मोठ्या क्षणी स्थान नाही, आणि ते नसल्यानेच आधीचे सारे सूर आपल्याला छळू लागतात. दोघांनी मिळून पुष्कळ वाजविणे ही सोबतीची पहिली पायरी होय; आता थांबावे हे दोघांस एकाच वेळी उमगणे, ही शेवटची. ती पायरी या बंधूंनी एकदा पाहिली आहे. पुढील कृतींत त्यांनी तिचा विसर पडू देऊ नये, एवढीच आमची अपेक्षा आहे.